पहिल्या दिवशी गळ काठावर

पहिल्या दिवशी तळ्यावरच्या मच्छीमार आबांनी माझ्या हातातली गळाची काठी काढून घेतली आणि बाभळीच्या बेचक्यात अडकवून ठेवली. "ताई, आज हिचं काम न्हाई. आज नुसतं पाय." मी पुण्याहून पहाटे चारला निघाले होते. डब्यात ओल्या मातीत गांडुळं होती, नव्या रिळावर नायलॉनची नवी तंगूस भरलेली होती आणि समोर तळ्यात जागोजाग बुडबुडे उठत होते. त्या घडीला आबांचं म्हणणं मला पटलं नाही. आज ट्यूबवर बसून गळ टाकण्याची हौस असलेल्यांसाठी मराठीत हे पुस्तक होतं आहे आणि त्याची प्रस्तावना माझ्याकडे आली आहे. पुढच्या प्रकरणांत काठ्या, रिळं, आमिषं, गाठी असं सगळं येणारच आहे. पण माझ्याकडे सांगण्यासारखी जी एकच गोष्ट आहे, ती आबांनी त्या बाभळीखाली सांगितली होती : पहिला दिवस गळाचा नाही, पायांचा.

ट्यूब म्हणजे ट्रकच्या टायरमधली रबरी ट्यूब, दुसरं काही नाही. हमरस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या पंक्चरवाल्याकडे जाऊन 'हजार-वीस' म्हटलं की त्याला कळतं. टायरची रुंदी दहा इंच आणि रिमचा व्यास वीस इंच, असा तो आकडा. कच्चा हिशेब केला तर अशा फुगवलेल्या ट्यूबमध्ये शंभर लिटरच्या आसपास हवा मावते, म्हणजे पुरी बुडेपर्यंत ती शंभर किलोच्या आसपास भार तोलून धरते. कमरेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाचं बरंचसं वजन पाणीच उचलत असतं, त्यामुळे साठ-सत्तर किलोच्या माणसाखाली ट्यूब निम्मीही बुडत नाही. आबांनी माझ्यासाठी मधल्या भोकावर खाटेची नवार आडवी-उभी ताणून बैठक बांधली होती आणि दोन पाय खाली सोडायला दोन फटी ठेवल्या होत्या. व्हॉल्व्हची पितळी नळी बरगडीत टोचू नये म्हणून तिच्यावर सुती चिंधी गुंडाळली होती. ते स्वतः मात्र बैठक-बिठक काही बांधत नाहीत. ट्यूबवर पोटावर पडतात, दोन्ही हातांत फळीचे तुकडे धरतात आणि वल्हवत सुटतात. त्यांना जाळं सोडायचं आणि गोळा करायचं असतं. आपल्याला गळ धरायचा असतो, हात मोकळे हवे असतात, म्हणून वल्ह्याचं काम पायांवर जातं. सगळा फरक तिथून सुरू होतो.

तयार मिळणारी फ्लोट ट्यूब याच वस्तूची शहाणी झालेली आवृत्ती आहे. वर जाड नायलॉनचं कापड, आकार घोड्याच्या नालेसारखा पुढून उघडा, पाठ टेकायला हवेचा वेगळा कप्पा, मांडीवर पसरायला इंचाच्या खुणा केलेलं फडकं. पुढून उघडी असल्यामुळे तिच्यातून पटकन बाहेर पडता येतं, आणि दुसरा कप्पा असल्यामुळे एक फुटला तरी माणूस तरंगत राहतो. हे दोन गुण मला तिच्या सगळ्या खिशांपेक्षा आणि पट्ट्यांपेक्षा मोलाचे वाटतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात थंड तलावांवर ट्राउट धरणारे लोक अशा ट्यूबमध्ये छातीपर्यंतची रबरी विजार घालून बसतात. मॉन्टानातल्या हेबगेन तलावावर ऑगस्टच्या सकाळी वारा पडलेला असताना ट्राउट पाण्यावर येऊन बारीक माश्या टिपतात. त्या घोटाचा आवाज ऐकू येतो, म्हणून तिथले लोक त्या माशांना 'गल्पर' म्हणतात. त्यांच्या जवळ जायला होडीपेक्षा ट्यूब बरी, कारण तिला आपटणारा तळ नाही आणि खडखडणारं वल्हं नाही.

हवा भरलेल्या वस्तूला धरून पाण्यात उतरणं ही बाहेरून आलेली हौस आहे, असं मात्र कुणी समजू नये. आपण रोज 'सांगड घालणे' म्हणतो. ती सांगड मुळात नदी उतरायला एकत्र बांधलेल्या वाळक्या भोपळ्यांची किंवा ओंडक्यांची. कोकणातल्या आमच्या विहिरीत आजोबांनी मला पोहायला शिकवलं तेही पाठीला भोपळा बांधून. तो भोपळा खांद्याला घासायचा, त्याचा पोकळ 'ठक' आवाज पाण्यात घुमायचा, अजून आठवतो. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातल्या निमरूदच्या राजवाड्यातले शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या एकावर फुगवलेल्या कातड्यांवर पालथी पडून नदी ओलांडणारी माणसं कोरलेली आहेत, आणि ती पोहता पोहता कातड्यात तोंडाने हवा भरताहेत. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत बुडता बुडता वाचला, तो निजाम नावाच्या भिश्त्याच्या फुगवलेल्या मशकीमुळे. पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते सिंधमधले पल्ला मासा धरणारे मच्छीमार. मोठ्या मातीच्या घड्याच्या तोंडावर पोट टेकून ते सिंधू नदीत तरंगायचे, पायांनी दिशा द्यायचे, हातात लांब काठीचं जाळं असायचं, आणि सापडलेला मासा पोटाखालच्या त्याच घड्यात टाकायचे. बैठक, होडी आणि टोपली, सगळं एकाच मडक्यात. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मडकं फुटलं तर?" पाण्यात जन्म काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो.

आणि गळाची हौस? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे आणि माशांच्या जाती, त्यांचं खाणं, काठी, दोरी, आमिष यांचा त्यात बारकाईने विचार आहे. मासे धरणं हे आपल्याकडे पोटापाण्यासाठी होतंच, त्याच्या जोडीने मन रमवण्यासाठीही होतं, आणि त्यावर विचार करून लिहिण्याइतकं ते महत्त्वाचं मानलं जात होतं. मराठीत असं पुस्तक निघतं आहे याचा मला आनंद आहे तो म्हणूनच.

आमचं तळं म्हणजे एक पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव कामं निघाली, माणसांनी खडी फोडली, डोक्यावरून माती वाहिली, त्यातून असे कितीतरी बांध उभे राहिले. आबांच्या आईने या बांधावर पाट्या टाकल्या आहेत. पहिल्यांदा ट्यूबवर बसणाऱ्याने असंच पाणी शोधावं : लहान, थोपलेलं, दोन्ही काठ दिसणारं. शिवाय हे पाणी बेवारस नसतं. अशा तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. बोटुकली संस्था सोडते, राखण संस्था करते. हौशी माणसाने आधी त्यांना विचारायचं, मग पाण्याला पाय लावायचा. मला आबा भेटले ते विचारायला गेले म्हणूनच.

पाण्यात काय आहे म्हणाल, तर कटला, राहू, मृगळ हे सोडलेले मासे, दगडांच्या कपारीत शिंगटी, कडेच्या गवतात मरळ, आणि सगळीकडे चिलापी. चिलापी आफ्रिकेतली. १९५२ मध्ये ती आपल्या देशात आणली गेली आणि आता तिला कुणी परकं म्हणत नाही इतकी रुजली आहे. शिंगटीची गोष्ट उलटी. साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा नावं देताना त्याने इथल्या माणसांच्या तोंडचे शब्द उचलले. म्हणून एका माशाच्या शास्त्रीय नावात 'सींगटी' आहे आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महासीराच्या नावात 'खुद्री' आहे. कुणा कोळ्याने किंवा भोयाने दोनशे वर्षांपूर्वी नदीकाठी उच्चारलेला शब्द आज जगभरच्या माशांच्या याद्यांत बसला आहे.

आता पाण्यात उतरण्याचं सांगते. पायात फिन्स, म्हणजे रबरी पंख, चढवल्या की माणसाला पुढे चालता येत नाही. फिन्सचं टोक दुमडतं आणि तोंडावर पडायला होतं. म्हणून ट्यूब कमरेला धरून उलटं चालत पाण्यात जायचं. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात आपण ज्या पाण्यात चाललो ते आपल्या पाठीमागे असतं, पावलाखाली काय येणार ते दिसत नाही, आणि प्रत्येक पाऊल चाचपून टाकावं लागतं. माझ्या टाचेखाली गुळगुळीत, वाटोळा खड्डा आला, परातीएवढा. दोन पावलांवर दुसरा, मग तिसरा. "चिलापीची घरं," आबा काठावरून म्हणाले. नर तळाच्या मातीत तोंडाने आणि शेपटीने असे खड्डे करतो, त्यांवर पहारा ठेवतो, आणि अंडी घातल्यावर मादी ती तोंडात घेऊन दूर जाते. मी कुणाच्या तरी अंगणातून चालले होते. पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा आबा म्हणाले, "आता बसा." मी बसले नाही. काठावर खुर्चीत बसताना आपण मागे खुर्ची आहे यावर विश्वास ठेवतोच की. इथे तो ठेवता येत नव्हता. मांडीच्या मागे ओली नवार लागत होती, तरी गुडघे वाकायला तयार नव्हते. शेवटी पाणी आणखी खोल झालं, पाय आपोआप सुटले आणि मी बसलेली होते.

पहिली पंधरा मिनिटं मी हातांनी पाणी मारत होते. पोहता येणाऱ्या माणसाची हीच अडचण. हात गप्प बसत नाहीत. "हात मांडीवर," आबा दर दोन मिनिटांनी ओरडत. ट्यूब चालते ती मागे. गुडघ्यातून पाय पुढे झाडला की पाठ सरकते, आणि तोंड जिथून निघालो त्या काठाकडेच राहतं. एकच पाय हलवला तर जागच्या जागी गिरकी. दोन्ही पाय एकाच वेळी झाडले तर धक्का बसतो आणि पाणी ढवळतं. आळीपाळीने, सायकलच्या पायडलसारखे हळू फिरवले तर ट्यूब तेल लावल्यासारखी सरकते. जायचं कुठे ते दर वेळी मान वळवून पाहिलं तर मान दुखते. त्यावर आबांनी युक्ती सांगितली. निघालेल्या काठावरची दोन ठिकाणं एका रेषेत पकडायची. आमच्याकडे बेचक्याची बाभूळ आणि तिच्यामागचा विजेचा खांब. खांब बाभळीआड लपलेला असेल तोवर आपण सरळ चाललो आहोत. तो उजवीडावीकडून डोकावला की कुठलातरी पाय जास्त जोर लावतो आहे. माझा उजवा पाय जास्त जोर लावतो हे मला वयाच्या पन्नाशीत त्या खांबाने सांगितलं. हातात काठी असती तर मी खांबाकडे पाहिलं असतं का? माझं सगळं लक्ष दोरीकडे गेलं असतं आणि पायांनी मनाला येईल तसं वागून घेतलं असतं. गळ काठावर ठेवायचा तो यासाठी.

आणि मग, तासाभराने, पाय आपलं आपण करू लागले तेव्हा मला तळं दिसलं. ट्यूबमध्ये बसलं की डोळे पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर येतात. काठावरून जी सपाट चकाकी दिसते तिला त्या उंचीवरून पोत येतो. कुठे वाऱ्याची बारीक सुरकुती, कुठे तेलकट संथ पट्टा, कुठे खालून आलेल्या माशाने उठवलेला फुगवटा. काठावर उभ्या माणसाला पाहून उडणारे चांदवे माझ्यापासून दहा-पंधरा हातांवर पोहत राहिले. त्यांच्या कपाळावरचा पांढरा टिळा, पाण्यातून वर येताना चोचीतून लोंबणारं शेवाळ, सगळं दिसत होतं. कमरेपर्यंत पाण्यात असलेलं डोकं त्यांच्या लेखी माणूस नसावं. पायांना पाण्याचे थरही कळत होते. फेब्रुवारीची सकाळ, वरचं वीतभर पाणी उन्हाने कोमट आणि पोटऱ्यांपाशी गार. मासा कोणत्या थरात असेल याचा अंदाज पुढे मला गळापेक्षा पोटऱ्यांनी जास्त वेळा दिला आहे.

वाऱ्याबद्दल मात्र आधीच सांगायला हवं. ट्यूबवरचा माणूस वाऱ्यापुढे फार दुबळा असतो, तळव्याएवढ्या रबरी पंखांनी तो किती लढणार? म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं. दमलो की वाराच घरी आणून सोडतो. उलट केलं तर परतीची वाट पायांनी मोजावी लागते. आपल्याकडे दुपारकडे वारा सुटतो, तेव्हा दहा-साडेदहाला काठ गाठावा. ट्यूब उन्हात ठेवून टम्म फुगवली असेल तर गार पाण्यात ती सैल पडते. मग बैठक खाली जाते आणि पाय जड होतात, म्हणून पाण्यात बुडवून पुन्हा हवा तपासावी.

दुसऱ्या दिवशी माझा उजवा पाय अडकला. ओढला तर आणखी घट्ट झाला. खाली काही दिसत नव्हतं. पाणी गढूळ, आणि पायाला काहीतरी बारीक, ताणलेलं लागत होतं. मी दचकून दोन्ही पाय झाडले आणि डावाही गुंतला. आबा काठावर जाळं झाडत होते. ते ओरडले नाहीत; हळू आवाजात, शब्द शब्द सुटा करून म्हणाले, "हलू नगा ताई. वढलं की ते आवळतंय." मी थांबले. ते ट्यूबवर पोट टाकून आले, हात खाली घातला, आधी माझ्या फिन्सच्या पट्ट्या सोडवल्या आणि पाय मोकळे केले. मग कमरेच्या सुरीने जाळं कापून फिन्स वर काढल्या. तंगूसाच्या जुन्या जाळ्याचा तो तुकडा होता, कुणीतरी फाटला म्हणून टाकून दिलेला. त्याच्यात एक लहान कासव मेलेलं होतं. तंगूस कुजत नाही. टाकून दिलेलं जाळं वर्षानुवर्षं मारत राहतं. तेव्हापासून माझ्या डाव्या खांद्यावर, दोन्ही हातांना पोचेल अशी, बोथट टोकाची छोटी सुरी असते, आणि पाण्यात दिसलेला जाळ्याचा प्रत्येक तुकडा मी काठावर आणते. या पुस्तकाच्या वाचकांनी एवढं करावं असं मी मनापासून मागते.

लाइफ जॅकेट घालावं. ट्रकच्या ट्यूबला कप्पा एकच, तो गेला की सगळं गेलं. पट्टीचा पोहणाराही पायात फिन्स आणि भोवती सैल रबर घेऊन पोहू शकत नाही. आबा घालत नाहीत आणि त्यावरून आमचा अजून वाद चालतो. वाहत्या पाण्यात ट्यूब नेऊच नये. ओढीपुढे पाय चालत नाहीत, आणि पाण्यात वाकलेल्या फांद्यांत ट्यूब अडकली तर मागून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं. धरणाच्या दरवाजांच्या आणि सांडव्याच्या बाजूला फिरकू नये. मगरी असलेल्या पाण्यात तर विचारही नको. मुंबईचा पवई तलाव, सांगलीच्या बाजूची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी इथे लोंबते पाय घेऊन बसण्यात शौर्य नाही.

तिसऱ्या सकाळी आबांनी बेचक्यातली काठी काढून माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत. मी उलटी चालत, वाटोळे खड्डे चुकवत पाण्यात गेले आणि बसले, गुडघ्यांनी या वेळी कुरकूर केली नाही. खांब बाभळीआड ठेवून पन्नास-साठ हात मागे सरकले, लहान गरीला गांडूळ लावलं, बूच दोन हातांवर बांधलं आणि मघा जिथून चालत आले त्या खड्ड्यांच्या कडेला टाकलं. बराच वेळ काही नाही. पाय आपले आपण हळू फिरत होते, ट्यूब जागेवर होती. मग बूच बुडालं नाही. तिरकं झालं आणि चालू लागलं. मी काठी उचलली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते मनगटात नाही, कमरेत. ट्यूब फिरत होती. मासा जिकडे जाईल तिकडे माझं तोंड वळत होतं. काठावर उभं राहून मी कितीतरी मासे ओढले आहेत, पण माशाने मला वळवलं ते त्या दिवशी. बांध, बाभूळ, खांब, जाळं झाडणारे आबा, सगळं डोळ्यांसमोरून सावकाश एक फेरा घेऊन गेलं.

मांडीवर घेतला तेव्हा तो नर होता. काळाकुट्ट, गळ्याखाली पांढरा, परांच्या कडेला लाल धार. कुठल्यातरी खड्ड्याचा राखणदार. आबांनी तो संस्थेच्या काट्यावर टाकला. ४६० ग्रॅम. वहीत माझं नाव लिहिलं, ठरलेल्या भावाने पैसे घेतले, आणि मासा वडाच्या पानात गुंडाळून माझ्या डब्याशेजारी ठेवला.